जपानबाहेर बसून जपानी मालिका बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी टीव्ही मालिका, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘दोरामा’, सहसा परदेशात विकण्यासाठी बनत नाहीत. जपानी घरातली रात्री नऊची वेळ, जपानी प्रायोजक आणि जपानी प्रेक्षकाचा आठवडा धरून त्यांची आखणी होते. बाहेरच्या चाहत्याला पडणारे निम्मे प्रश्न इथूनच येतात: मालिका सापडत का नाही, सापडली तर अर्धीच का, संपली तर इतक्या लवकर का. बाकीचे निम्मे प्रश्न सबटायटलचे. ॲनिमे हा वेगळा विषय, तो इथे घेतलेला नाही.

मालिका दहा-अकरा भागांतच का संपते?

कारण वर्षाचे चार तुकडे पाडलेले असतात: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर. एका तुकड्याला ‘कूरु’ म्हणतात. आठवड्याला एक भाग, तीन महिने, की विषय संपला. नऊ ते अकरा भाग हे नेहमीचं माप. कलाकारांच्या तारखा आणि प्रायोजकांचे करार याच मापाने ठरतात. म्हणून मालिका कितीही गाजली तरी पुढच्या आठवड्यापासून ती ‘वाढवता’ येत नाही. लोकप्रिय झाली म्हणून नायिकेची स्मृती गेली, जुळी बहीण उगवली, असले प्रकार जवळजवळ होत नाहीत, ते याच रचनेमुळे.

पहिला आणि शेवटचा भाग बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांनी लांब असतो. मार्च आणि एप्रिलच्या सांध्यावर, किंवा जूनअखेरीस, दोन-तीन आठवडे काहीच नवं दिसत नाही; त्या वेळात विशेष कार्यक्रम आणि सिनेमे लावतात. मधल्याच एखाद्या आठवड्यात भाग आला नाही, तर आधी खेळांचं थेट प्रक्षेपण किंवा निवडणूक आहे का ते बघा. मालिका बंद पडलेली नसते.

मग लांब चालणाऱ्या जपानी मालिका कोणत्या?

त्या मुख्यतः एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या, आणि दोन प्रकारच्या.

‘आसादोरा’ म्हणजे सकाळची मालिका. १९६१ पासून चालू आहे. रोज सकाळी आठ वाजता पंधरा मिनिटं, दुपारी पाऊण वाजता पुनःप्रक्षेपण. २०२० च्या वसंतापर्यंत सोमवार ते शनिवार होती, तेव्हापासून शुक्रवारी थांबते. एक मालिका सहा महिन्यांची: एप्रिलपासूनची टोकियोचं केंद्र करतं, ऑक्टोबरपासूनची ओसाकाचं. जगभर गाजलेली ‘ओशिन’ (१९८३-८४) याच प्रकारातली, पण ती अपवादाने पूर्ण वर्ष चालली आणि तिचे २९७ भाग झाले. तिचं सरासरी रेटिंग ५२.६ टक्के होतं, आणि एका भागाने ६२.९ पर्यंत मजल मारली.

‘ताइगा’ म्हणजे ‘महानदी’: रविवारी रात्री आठ वाजता पंचेचाळीस मिनिटांची ऐतिहासिक मालिका, जानेवारी ते डिसेंबर, १९६३ पासून दरवर्षी एक. पन्नासच्या आसपास भाग असतात. नवख्याने ताइगापासून सुरुवात करू नये. पहिल्या चार भागांतच तीस-चाळीस सरदार येतात आणि त्यातले निम्मे मोठेपणी नाव बदलतात. करायचीच असेल, तर अधिकृत संकेतस्थळावरचा ‘सोकांझु’, म्हणजे पात्रांच्या नात्यांचा तक्ता, शेजारी उघडा ठेवा. तो जवळपास प्रत्येक जपानी मालिकेचा मिळतो आणि त्यात चेहरे असल्यामुळे लिपी येत नसली तरी कामाला येतो.

वेळापत्रकात ‘शुक्रवार २४:१२’ लिहिलंय. ही कुठली वेळ?

जपानी वाहिन्यांचा दिवस मध्यरात्री संपत नाही. शुक्रवार २४:१२ म्हणजे शुक्रवारची मध्यरात्र उलटून बारा वाजून बारा मिनिटं, कॅलेंडरप्रमाणे शनिवार. २५:०० म्हणजे रात्रीचा एक. अशा उशिराच्या मालिकांना ‘शिन्या दोरामा’ म्हणतात, आणि गंमत अशी की बाहेरच्या चाहत्यांना आवडणाऱ्या छोट्या, विक्षिप्त, खाण्यापिण्याच्या मालिका बहुतेक याच वेळेतून आल्या आहेत.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे रात्री नऊची मालिका भारतात साडेपाचला, दहाची साडेसहाला, ताइगा रविवारी दुपारी साडेचारला. शुक्रवार २४:१२ ची मालिका आपल्याकडे शुक्रवारीच रात्री ८:४२ ला येते. आसादोरा पहाटे साडेचारला. दुबईत रात्री नऊची मालिका दुपारी चारला पडते, लंडनमध्ये हिवाळ्यात बारा आणि उन्हाळ्यात एकला, न्यूयॉर्कमध्ये सकाळी सात किंवा आठला. जपानमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणून मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेतल्यांचा हिशेब एका तासाने चुकतो. स्मरणसूचना लावताना वेळ थेट जपानच्या घड्याळात टाका.

कायदेशीर मार्गाने कुठे बघायच्या?

भारतात पहिला थांबा नेटफ्लिक्स. पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत मांडलेल्या असतात. एक, नेटफ्लिक्सनेच केलेल्या जपानी मालिका: ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ (२०२० पासून), ‘फर्स्ट लव्ह’ (२०२२), ‘द माकानाई’ (२०२३), ‘टोकियो स्विंडलर्स’ (२०२४). या मालिका सगळ्या देशांत एकदम येतात आणि सहसा तिथेच राहतात. दोन, जपानी वाहिन्यांच्या मालिका, ज्यांचे हक्क ठराविक मुदतीसाठी घेतलेले असतात. त्या मुदत संपली की एका रात्रीत गायब होतात. यादीत टाकून ठेवलेली दुसऱ्या प्रकारची मालिका आधी बघा, पहिल्या प्रकारची कुठे पळत नाही.

प्राइम व्हिडिओवर थोडं मिळतं, शोध मात्र जपानी नाव रोमन अक्षरांत लिहून करावा लागतो. राकुतेन विकी या स्ट्रीमिंग सेवेवर स्वयंसेवकांनी केलेली सबटायटल असतात. नव्या भागाखाली दिसणारा टक्का म्हणजे किती भाषांतर झालं आहे तो. साठ टक्क्यांवर भाग उघडलात, तर क्लायमॅक्स मुकाट्याने बघावा लागेल. थोडी कळ काढा.

अमेरिका-कॅनडात वर्षानुवर्षं ‘टीव्ही जपान’ ही केबल वाहिनी होती. ती मार्च २०२४ अखेर बंद झाली आणि तिची जागा ‘जेमी’ या स्ट्रीमिंग सेवेने घेतली. युरोपातली ‘जेएसटीव्ही’ ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. जुन्या लेखांत ही नावं अजून सुचवलेली असतात, त्यांच्या मागे लागू नका.

जपान फाउंडेशनच्या ऑनलाइन चित्रपट महोत्सवावरही लक्ष ठेवा. २०२४ मध्ये त्यांनी सिनेमांच्या जोडीला ‘रिकुओ’ आणि ‘डाउनटाउन रॉकेट’ या टीबीएस या व्यापारी वाहिनीच्या रविवारच्या दोन मालिका फुकट दाखवल्या. मुदत दोनच आठवड्यांची होती, म्हणजे वीस भागांसाठी रोज दीड भागाचा रतीब.

एनएचके वर्ल्ड तर फुकट आहे. तिथे मालिका का नाहीत?

कारण नावं सारखी असली तरी सेवा दोन आहेत. ‘एनएचके वर्ल्ड-जपान’ ही इंग्रजी, फुकट आणि मुख्यतः बातम्या-माहितीपटांची. ‘एनएचके वर्ल्ड प्रीमियम’ ही जपानी भाषेतली, पैसे भरून घ्यायची आणि परदेशातल्या जपान्यांसाठीची. आसादोरा आणि ताइगा दुसरीवर.

‘टीव्हर’वर सगळं फुकट दिसतं म्हणे?

जपानमध्ये, हो. ऑक्टोबर २०१५ पासून चाललेली ही व्यापारी वाहिन्यांची एकत्रित सेवा आहे. मालिकेचा ताजा भाग साधारण आठवडाभर, जाहिरातींसह. पण ती जपानपुरतीच आहे आणि इंग्रजी सबटायटल नसतात. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही, पण देशाचं कुंपण ओलांडणं सेवेच्या अटींच्या विरुद्ध जातं, आणि व्यवहारातही ते भरवशाचं नाही: माहीत असलेले सर्व्हर अडवले जातात, भाग अर्ध्यावर थांबतो. जपानमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांनी मात्र टीव्हर पहिल्या दिवशी फोनवर घ्यावं.

इतकी गाजलेली मालिका, तरी भारतात कुठेच का मिळत नाही?

एका मालिकेत हक्कांचे अनेक धनी असतात: वाहिनी, मूळ मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, प्रकाशक, पटकथाकार, प्रत्येक कलाकाराची एजन्सी, शीर्षकगीताची कंपनी. परदेशात दाखवायचं तर प्रत्येकाची परवानगी आणि प्रत्येकाला मोबदला. पार्श्वभूमीला एखादं इंग्रजी गाणं वाजवलेलं असेल, तर जपानपुरता घेतलेला परवाना बाहेर चालत नाही. मग ते गाणं बदलावं लागतं. काही मोठ्या एजन्सी तर बराच काळ आपल्या कलाकारांचे फोटोही इंटरनेटवर येऊ देत नसत. मासिकांच्या जुन्या ऑनलाइन मुखपृष्ठांवर माणसाच्या जागी राखाडी आकृती दिसते, ती छपाईची चूक नाही.

आणि या सगळ्या खटाटोपाची वाहिन्यांना निकड नव्हती. घरचा जाहिरात बाजार पुरेसा मोठा होता. काही वेळा मूळ मालिकेपेक्षा तिचा आराखडाच जास्त प्रवास करतो. साकामोतो युजी यांनी लिहिलेल्या ‘मदर’ (२०१०) आणि ‘वूमन’ (२०१३) या मालिकांच्या तुर्की आवृत्त्या, ‘आन्ने’ आणि ‘कादिन’, अनेक देशांत पोचल्या. त्या बघितलेल्या कित्येकांना मूळ जपानी आहे याचा पत्ताही नसतो.

शोधली तरी सापडत नाही. नावाचा काय घोळ आहे?

प्रत्येक मालिकेला तीन नावं धरून चाला: जपानी लिपीतलं, तेच रोमन अक्षरांत, आणि परदेशी विक्रीसाठी दिलेलं इंग्रजी. ‘निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु’ (२०१६) हीच ‘वी मॅरीड ॲज अ जॉब’. जपानी चाहते तिला नुसतं ‘निगेहाजि’ म्हणतात, म्हणजे चौथं नाव. लांब नावाची चार अक्षरं करून टाकायची तिकडे सवयच आहे.

सगळ्यात खात्रीचा मार्ग असा: ‘मायड्रामालिस्ट’ या मालिकांच्या सूचीवर कलाकाराच्या नावावरून मालिका काढा, तिथून जपानी लिपीतलं नाव कॉपी करा, आणि तेच, काय कुठे दिसतं ते सांगणाऱ्या ‘जस्टवॉच’वर, देश भारत ठेवून टाका. रोमन लिखाणात दीर्घ ‘ओ’ कोणी एका ‘ओ’ने लिहितं, कोणी ‘ओयू’ने, कोणी ‘ओएच’ने, म्हणून एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडतं. शिवाय आडनाव आधी की नंतर, तेही नक्की नसतं.

देवनागरीत लिहून ठेवलंत तर मात्र फायदा आहे. ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. हा फरक आपल्या ऱ्हस्व-दीर्घात फुकट मिळतो.

विशेष भाग, सिनेमा, दुसरा सीझन: कुठल्या क्रमाने?

प्रक्षेपणाच्या तारखेच्या क्रमाने, कथेच्या काळाच्या नव्हे. गाजलेल्या मालिकेला दुसरा सीझन मिळेलच असं नाही. बहुधा मिळतो तो दोन तासांचा विशेष भाग (‘एसपी’) किंवा सिनेमा, आणि खरा शेवट तिथेच असतो. ‘नोदामे कांताबिले’चा क्रम: २००६ ची मालिका, जानेवारी २००८ मधला दोन रात्रींचा विशेष भाग, मग डिसेंबर २००९ आणि एप्रिल २०१० मधले दोन सिनेमे. विशेष भाग गाळला तर सिनेमात सगळे युरोपात कधी पोचले तेच कळत नाही. ‘अननॅचरल’ (२०१८) आणि ‘एमआययू ४०४’ (२०२०) या वेगळ्या मालिका, पण लेखिका एकच, नोगी आकिको, आणि जगही एकच. २०२४ च्या ‘लास्ट माइल’ सिनेमात दोन्हीकडची माणसं येतात.

नेटफ्लिक्सवरचा ‘मिडनाइट डायनर: टोकियो स्टोरीज’चा पहिला सीझन खरं तर चौथा आहे. मूळ ‘शिन्या शोकुदो’ २००९ पासून जपानी वाहिनीवर होती. भाग सुटे असल्यामुळे क्रम चुकला तरी बिघडत नाही.

डीव्हीडी किंवा ब्लू-रे मागवावी का?

फक्त खूप आवडलेल्या मालिकेची, आणि हे चार धक्के पचवायची तयारी असेल तर.

किंमत. दहा-अकरा भागांचा डीव्हीडी संच साधारण वीस हजार येनच्या घरात जातो, ब्लू-रे त्याहून काही हजार जास्त. सहा-सात तबकड्या, त्यातली एक पडद्यामागच्या चित्रणाची. वापरलेले संच निम्म्याहून स्वस्त मिळतात आणि जपानी दुकानं ‘वापरलेलं’ म्हणतात ते आपल्याकडच्या नव्यासारखं असतं.

सबटायटल. बहुतेक संचांवर इंग्रजी नसतात. असलीच तर जपानी, कर्णबधिरांसाठीची. वर्णनात ‘जिमाकु’ म्हणजे सबटायटल हा शब्द आणि त्यापुढची भाषा बघूनच पैसे भरा.

प्रदेश. तबकडीचा आणि प्लेअरचा प्रदेश-संकेत जुळला नाही तर ती चालत नाही. डीव्हीडीसाठी जपान २, भारत ५. ब्लू-रेसाठी जपान ए, भारत सी. म्हणजे दोन्हीकडे जुळत नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. जपानी तबकड्यांसाठी वेगळा स्वस्त बाह्य ड्राइव्ह घेऊन तो २ वर लावून ठेवणं सोपं. प्रदेश जुळला तरी जपानची चित्रप्रणाली एनटीएससी आणि आपली पाल, पण आताच्या टीव्हींना दोन्ही चालतात.

सीमाशुल्क. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून ते वाचत नाही. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची जुनी करसूट काढलेली आहे. शुल्क लागणार हे धरूनच हिशेब करा. ‘सीडीजपान’सारखी दुकानं इंग्रजीतून व्यवहार करतात आणि थेट भारतात पाठवतात. जे दुकान परदेशात पाठवत नाही, त्यासाठी ‘झेनमार्केट’ किंवा ‘बायी’सारखा मध्यस्थ लागतो आणि त्याचं शुल्क, जपानमधला टपालखर्च, परदेशी टपालखर्च असे तीन थर चढतात.

इंग्रजी सबटायटलमध्ये नेमकं काय हरवतं?

पुष्कळ. आणि त्यातलं बरंचसं मराठी कानाला परत मिळवता येतं.

पहिलं, मान. जपानीत ‘तू-तुम्ही-आपण’सारख्या पायऱ्या आहेत, इंग्रजीत सगळ्याचं ‘यू’ होतं. ‘ओमाए’ हे उद्दाम किंवा अगदी जवळचं ‘तू’. ‘किमि’ हे वरिष्ठाने कनिष्ठाला म्हटलेलं. ‘आनाता’ पुस्तकात ‘तुम्ही’, पण बायकोने नवऱ्याला म्हटलं की ते थेट आपलं ‘अहो’. आडनावाला ‘-सान’ लावून सुरू झालेली ओळख पहिल्या नावावर येते तो क्षण प्रेमकथेतला मोठा टप्पा. ‘निगेहाजि’ची नायिका मिकुरी नायकाला हाक मारताना ‘त्सुझाकी-सान’वरून ‘हिरामासा-सान’वर येते, इंग्रजी सबटायटल आधीपासूनच ‘हिरामासा’ लिहीत असेल, तर प्रेक्षकाला काही घडलं असं वाटतच नाही. कान नावावर ठेवा, डोळे मजकुरावर.

दुसरं, वाक्यरचना. जपानी क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि नकारही शेवटी. ‘मला तू आवडत...’ म्हणून नट थांबतो, आणि इंग्रजी ओळीत ‘नाही’ आधीच छापून आलेलं असतं. न्यायालयातल्या आणि कबुलीच्या प्रसंगांत हे फार घात करतं. म्हणूनच अशा प्रसंगी ओळ एकदम न वाचता आधी नटाकडे बघायची सवय लावावी.

तिसरं, शेपटीचे शब्द. वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की प्रश्न: ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाता का’. शेवटी ‘ने’ आला की आपला ‘ना’: ‘सामुइ ने’, थंडी आहे ना. हा योगायोग आहे, नातं नाही, पण कान पटकन जुळतो. नादानुकारी शब्दांचंही तसंच. ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीत धडधड, ‘गोरोगोरो’ म्हणजे गडगड. इंग्रजीत यांची विशेषणं होतात, मराठीत शब्दाला शब्द सापडतो.

चौथं, रोजच्या ठरीव ओळी. घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. इंग्रजी सबटायटल ‘जातो’ म्हणतं, जे आपल्याकडेही उंबऱ्यावर कोणी बोलत नाही. ज्या भागात कुणी ‘इत्तेकिमासु’ म्हणतं आणि उत्तराला घरात कुणी नसतं, तिथे लेखकाने काय केलं आहे ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मराठी किंवा हिंदीत मिळतात का?

मराठी सबटायटल सहसा नाहीत. नेटफ्लिक्सच्या मोजक्या मोठ्या मालिकांना हिंदी डबिंग असतं. ॲक्शनला ते चालून जातं; घरगुती मालिकेत वरचं सगळंच जातं, म्हणून तिथे मूळ आवाजच ठेवा.

नेटफ्लिक्सवर जपानी सबटायटल का दिसत नाहीत?

कारण तुमचा देश आणि प्रोफाइलची भाषा बघून भाषांची छोटी यादीच दाखवली जाते. उपाय: एक नवं प्रोफाइल काढा, त्याची भाषा जपानी करा, ॲप बंद करून पुन्हा उघडा. मूळ प्रोफाइल जसंच्या तसं राहतं, फक्त नव्या प्रोफाइलचे सगळे मेन्यू जपानीत जातात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लँग्वेज रिॲक्टर’ हे एक्स्टेन्शन टाकलं तर जपानी आणि इंग्रजी ओळी एकाखाली एक दिसतात. टीव्हीच्या ॲपवर ते चालत नाही.

सबटायटल फाइल पुढे-मागे होते. काय करू?

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच अंतर असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एच दाबला की ओळी ५० मिलिसेकंद उशिरा येतात, जी दाबला की लवकर. जाहिरातीच्या प्रत्येक सांध्यानंतर अंतर बदलत असेल, तर फाइल प्रक्षेपणावरून बनवलेली आहे आणि तुमच्याकडची तबकडी जाहिराती काढलेली आहे. प्रत्येक सांध्यावर वेगळं सरकवावं लागेल. अंतर हळूहळू वाढत जाऊन पंचेचाळीस मिनिटांत पावणेदोन-दोन मिनिटांवर गेलं, तर एक प्रत पालच्या वेगाची आहे, साधारण चार टक्क्यांनी जलद. तिथे सरकवून भागत नाही, वेळांना गुणावं लागतं. आणि अक्षरांऐवजी चौकोन-चिन्हांचा चिवडा दिसला, तर फाइल शिफ्ट-जेआयएस या जपानी अक्षरसंकेतात आहे. ती यूटीएफ-८ मध्ये साठवा.

अभिनय इतका मोठा, हातवारे करून का?

सगळीकडे नसतो. टीबीएसच्या रविवारी नऊच्या वेळेत असतो आणि मुद्दाम असतो. ‘हान्झावा नाओकी’ (२०१३) ही बँकेतल्या सूडाची मालिका. तिच्या शेवटच्या भागाला कांतो, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या, भागात ४२.२ टक्के रेटिंग होतं. तिच्यात काताओका आइनोसुके यांच्यासारखे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले नट आहेत आणि डोळे वटारणं, वाक्य ताणणं हे त्या परंपरेतून आलेलं आहे. संगीत नाटकाची सवय असलेल्याला ते खटकू नये. दबका अभिनय हवा तर शुक्रवारी दहाची वेळ किंवा उशिराच्या मालिका.

रेटिंग सहा-सात टक्केच, म्हणजे मालिका पडली?

आता नाही म्हणता येत. ‘सायलेंट’ (२०२२) एक आकडीच राहिली, पण टीव्हरवर तिने विक्रम केले. जुने आकडे नव्यांशी ताडून बघू नका.

सुरुवात कुठून करावी?

घरातल्यांसोबत बघायची असेल तर ‘कोदोकु नो गुरुमे’ (२०१२ पासून): एक सेल्समन, एक खरंखुरं हॉटेल, अर्धा तास. कथानक चुकण्याची भीतीच नाही. रहस्य हवं तर ‘अननॅचरल’, दहा भाग. पहिला बघून ठरवू नका, दुसऱ्यानंतर ती पकडते. हलकंफुलकं पण डोकं असलेलं हवं तर ‘ब्रश अप लाइफ’ (२०२३), तीही दहा भागांची. मांसाहार बघवत नसेल तर पहिली सूचना सोडून द्या.

चित्रणाची ठिकाणं बघायला जाता येतात का?

येतात, आणि त्याला ‘सेइचि जुनरेइ’, तीर्थयात्रा, असाच शब्द आहे. ‘सायलेंट’मधलं सेतागाया-दाइता स्टेशन टोकियोतच आहे. कामाकुराजवळचं गोकुराकुजि स्टेशन २०१२ च्या ‘साइगो कारा निबान्मे नो कोइ’मधलं. ‘आमाचान’ (२०१३) साठी इवाते प्रांतातल्या कुजी शहरापर्यंत जावं लागतं, आणि तिथली सानरिकु रेल्वे हाच निम्मा आनंद. ही सगळी चालू स्टेशनं आहेत, फलाटावर वाट अडवून फोटो काढू नका.

‘कोदोकु नो गुरुमे’मधली हॉटेलं खरी आहेत, पण लहान: आठ-दहा खुर्च्या, हाताने लिहिलेला मेन्यू, काही ठिकाणी फक्त रोख. शाकाहारी माणसाने तिथे पोटभर जेवायच्या अपेक्षेने जाऊ नये. भाजीची, टोफूची, अगदी नूडल्सची चवही ‘दाशी’ या पातळ रश्शावर उभी असते, आणि दाशी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाची. ‘मांस नको’ एवढं सांगून ती जात नाही.

मालिका बघून जपानी येईल का?

ऐकायला येईल, बोलायला अर्धवट, वाचायला नाही. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्यांच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होतात आणि त्यांत ऐकण्याच्या भागाला मालिकांचा उपयोग दिसतो. पण मालिका निवडून घ्या. परीक्षेच्या पायऱ्या एन५ (सोपी) ते एन१ (अवघड) अशा आहेत: एन४ ला घरगुती किंवा खाण्याची मालिका पुरे, इस्पितळ-न्यायालय एन२ च्या आधी नको, आणि ताइगातली जुनी दरबारी भाषा जपान्यांनाही कधी कधी सबटायटल लावून बघावीशी वाटते.

रीत अशी: एकच भाग निवडा, पूर्ण आठवडा तोच. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटलवर, दुसऱ्यांदा जपानी सबटायटलवर, तिसऱ्यांदा पाच मिनिटांचा एकच प्रसंग काहीही न लावता, प्रत्येक ओळीनंतर थांबून मोठ्याने म्हणत. एक खबरदारी: ज्या पात्राची नक्कल कराल ते निवडून घ्या. यांकी, म्हणजे टवाळ-दांडगट, मुलांच्या मालिकेतून उचललेलं ‘ओमाए’ वर्गात शिक्षिकेला म्हटलं गेलं, तर ते मराठीत ‘ए, तू काय सांगतेस गं’ म्हटल्यासारखंच ऐकू जातं.